‘मेमेंटो’ पाहताय? मग या चुका टाळा

दिवाळीत भाचा राहायला आला होता. रात्रीची जेवणं उरकल्यावर त्याने लॅपटॉपवर क्रिस्टोफर नोलन यांचा ‘मेमेंटो’ लावला आणि शेजारी मोबाइलवर त्याच सिनेमाचा अर्थ फोडून सांगणारा एक व्हिडिओ सुरू केला. दहा मिनिटं सिनेमा, दोन मिनिटं व्हिडिओ, पुन्हा सिनेमा. पाऊण तासाने म्हणाला, “मामा, कळतंय सगळं, पण काही वाटत नाहीये.”

मला फार वाईट वाटलं. हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्ध्याहून जास्त कळला नव्हता, पण रात्रभर झोप आली नव्हती. त्यानंतर सात-आठ वेळा पाहून झाला. मित्रांबरोबर पाहिला, घरच्यांबरोबर पाहिला, आणि दर वेळी लोक त्याच त्याच ठिकाणी अडखळतात हे लक्षात आलं. सिनेमा अवघड आहे हे खरं. पण बहुतेकांची गाडी अडते ती त्या अवघडपणामुळे नाही, तर पाहायला बसतानाच काहीतरी चुकीचं गृहीत धरल्यामुळे. म्हणून हे लिहितोय.

शेवट फोडणारा भाग अगदी खाली ठेवला आहे. तिथे पोचण्याआधी सांगेन. मधल्या एका प्रसंगाबद्दल मात्र आधीच बोलणार आहे, कारण तो सांगितल्याशिवाय रचना समजावताच येत नाही.

‘घजिनी’ पाहिलाय, म्हणजे गोष्ट माहीत आहे

आपल्याकडे सर्वांत जास्त होणारी चूक ही. ए. आर. मुरुगदास यांचा तमिळ ‘घजिनी’ 2005 मध्ये आला आणि आमीर खानचा हिंदी 2008 च्या नाताळात. अंगावर गोंदवून घेतलेल्या सूचना, काढताच कॅमेऱ्यातून बाहेर येणारे पोलरॉइड फोटो आणि त्यांवर लिहिलेल्या ओळी, हरवलेली स्मृती आणि बायकोच्या किंवा प्रेयसीच्या खुनाचा सूड, एवढा ऐवज दोन्हीकडे आहे. त्यामुळे ‘मेमेंटो’ लागला की लोक ‘घजिनी’चा नायक संजय सिंघानिया शोधायला लागतात.

तो इथे सापडणार नाही. ‘घजिनी’त खलनायक कोण, हे आपल्याला माहीत असतं, आणि नायकाने त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून आपण जीव मुठीत धरून बसतो. ‘मेमेंटो’त नेमकी तीच खात्री काढून घेतली आहे. नायक लेनर्ड शेल्बी ज्याला शोधतोय तो माणूस कोण, तो अजून आहे का, आणि लेनर्ड स्वतः कोण, हे तिन्ही प्रश्न उघडे आहेत. ‘घजिनी’त प्रेमकथेला भरपूर जागा आहे, नाचगाणी आहेत. इथे लेनर्डची बायको आपल्याला दिसते ती तुकड्यातुकड्यांत, एखाद्या माणसाला आठवावी तशी. सूडाचं समाधान मिळेल म्हणून बसलात तर शेवटी हात रिकामेच राहतील.

‘घजिनी’ने आपल्याला आणखी एक सवय लावली. किल्ली कुठे ठेवली ते आठवलं नाही की आपण सरळ म्हणतो, “मला शॉर्ट टर्म मेमरी लॉस आहे.” लेनर्डचं दुखणं वेगळं आहे. त्याला हल्ल्यात डोक्याला मार बसण्याआधीचं सगळं लख्ख आठवतं: नाव, नोकरी, बायको, घर. समोरचं संभाषणही तो काही मिनिटं नीट धरून ठेवतो. जे होत नाही ते म्हणजे नवी आठवण कायमची साठवणं. वैद्यकीय भाषेत याला अँटेरोग्रेड अॅम्नेशिया म्हणतात. हेन्री मोलायसन नावाच्या अमेरिकन रुग्णावर 1953 मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो असाच जगला. त्याच्याबद्दलची एक गोष्ट लक्षात ठेवा, सिनेमात उपयोगी पडते. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायचं काम त्याला दिलं, तर त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला, पण आपण हे आधी कधी केलंय हे त्याला एकदाही आठवलं नाही. म्हणजे डोकं विसरतं, हात शिकतो. सॅमी जँकिस नावाच्या माणसाची उपकथा सिनेमात येते, ती सगळी याच मुद्द्यावर उभी आहे.

“सिनेमा उलटा आहे” असं समजून बसणं

अर्धंच खरं असलेलं हे वाक्य माणसाला सर्वांत जास्त गोंधळात पाडतं. खरोखर उलटा फिरवलेला असा एकच तुकडा आहे, अगदी सुरुवातीचा. हातात धरलेला पोलरॉइड फोटो हलवला की स्पष्ट होण्याऐवजी पुसट होत जातो, रक्त मागे सरकतं, पिस्तूल जमिनीवरून उडून हातात येतं. त्यानंतर कुठलाही प्रसंग उलटा चालत नाही. माणसं पुढेच चालतात, पुढेच बोलतात. उलटा आहे तो प्रसंगांचा क्रम, आणि तोही सगळ्यांचा नाही.

सिनेमात दोन धागे आहेत. रंगीत प्रसंग शेवटाकडून सुरुवातीकडे येतात. कृष्णधवल प्रसंग सुरुवातीकडून पुढे जातात. पडद्यावर ते आलटूनपालटून दिसतात: एक रंगीत, एक कृष्णधवल, पुन्हा एक रंगीत. म्हणजे गोष्टीची दोन टोकं धरून दिग्दर्शक आपल्याला दोन्ही बाजूंनी मध्याकडे नेतो, आणि दोन्ही धागे सिनेमाच्या शेवटी एकमेकांना भेटतात. ती भेट कुठल्या क्षणी होते हे मुद्दाम सांगत नाही. फक्त एक फोटो उमटायला लागला की चित्रातला रंग बघत राहा.

तरीही मध्येच हरवलात तर? यावरचा उपाय सिनेमातच ठेवलेला आहे. प्रत्येक रंगीत प्रसंग जिथे संपतो, तिथे त्याच्या आधी पाहिलेल्या रंगीत प्रसंगाची सुरुवात पुन्हा थोडी दिसते. तेच वाक्य, तोच दरवाजा, तीच हालचाल. भिंतीवर फरशा बसवताना कडेला कड जुळवावी तसं हे जुळवलंय. ती ओळखीची कड दिसली की मनात म्हणायचं, “अच्छा, हे त्याच्या आधीचं.” बस्स. एवढं एक वाक्य पुरतं. संपूर्ण कालक्रम डोक्यात मांडत बसायची गरज नाही, आणि पहिल्या खेपेला तर मुळीच मांडू नका.

ही रचना करामत म्हणून केली असती तर मी या सिनेमावर इतकं प्रेम केलं नसतं. लेनर्डला भेटलेल्या नॅटली नावाच्या बाईच्या घरातला पेनाचा प्रसंग घ्या. आधी आपण काय पाहतो? नॅटली बाहेरून घरात येते, तिचा चेहरा सुजलेला, ओठ फुटलेला. डॉड नावाच्या माणसाने मारलं, असं ती सांगते. लेनर्ड कळवळतो, तिला धीर देतो, त्या माणसाला धडा शिकवायला निघतो. आपणही त्याच्यासोबत निघतो. मग मध्ये एक कृष्णधवल तुकडा येतो, आणि त्यानंतर आपल्याला याच्या आधीची काही मिनिटं दिसतात. नॅटली घरभर फिरून एकूण एक पेन उचलते आणि आपल्या पर्समध्ये टाकते. मग ती लेनर्डला त्याच्या मेलेल्या बायकोवरून नको ते बोलते, शांतपणे, ठरवून. तो भडकतो आणि तिला मारतो. ती रक्ताळलेल्या तोंडाने बाहेर जाते आणि गाडीत बसून राहते. आत लेनर्ड कागदासाठी, पेनासाठी कप्पे उपसतोय, आणि घडलेलं विसरू नये म्हणून ते स्वतःशी घोकतोय. तेवढ्यात गाडीचं दार वाजतं. तो थबकतो. गेलं. ती दारातून आत येते, आणि तो कळवळून विचारतो, काय झालं?

सरळ क्रमाने सांगितलं असतं तर हा फसवणुकीचा एक प्रसंग झाला असता आणि आपण नॅटलीला शिव्या देऊन मोकळे झालो असतो. इथे मात्र आपण आधीच तिची कीव करून बसलेलो असतो. लेनर्डला जे ठाऊक नव्हतं ते आपल्यालाही ठाऊक नव्हतं. पुढचं माहीत असूनही मागचं माहीत नसणं म्हणजे काय, ते या पाच-सात मिनिटांत अंगावर येतं. भाच्याने मोबाइलवर जो व्हिडिओ लावला होता त्याने नेमकं हेच त्याच्याकडून काढून घेतलं होतं. नॅटली घरात शिरायच्या आधीच त्याला पेनांची गोष्ट सांगून टाकली होती.

त्याच कारणासाठी सांगतो, सगळे प्रसंग सरळ कालक्रमाने लावलेली एक आवृत्ती डीव्हीडीच्या एका संचात लपवून ठेवलेली होती, ती कुठे मिळाली तरी आधी पाहू नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुतूहल म्हणून पाहा. क्रम कळेल, सिनेमा कळणार नाही.

खुणा सोडून संवादांच्या मागे लागणं

आपण सबटायटल वाचणारे प्रेक्षक. नजर पडद्याच्या खालच्या पट्टीवर खिळलेली असते. या सिनेमात त्याची किंमत मोजावी लागते, कारण निम्मी माहिती लिहिलेली आहे आणि ती फोटोंच्या कडेवर, तळहाताच्या मागे, छातीवर आहे. मोबाइलच्या पडद्यावर ते हस्ताक्षर वाचताच येत नाही. शक्य असेल तर टीव्हीवर पाहा. फोटोवर काही खोडलेलं दिसलं तर थांबवून नीट बघा. एक ओळ खोडली गेली म्हणजे कुणाचं तरी आयुष्य फिरलेलं असतं.

कपड्यांकडे आणि गाडीकडेही लक्ष असू द्या. कृष्णधवल भागात लेनर्ड साध्या चौकड्यांच्या शर्टात असतो आणि चेहरा स्वच्छ असतो. रंगीत भागात अंगावर फिकट रंगाचा चांगला सूट, बुडाखाली जॅग्वार आणि गालावर ओरखडे. विम्याच्या कंपनीतल्या माजी तपासनिसाला हे ऐश्वर्य कुठून आलं, हा प्रश्न पडायला हवा. बहुतेकांना तो पडत नाही, कारण लेनर्डलाही पडत नाही. जॅग्वारची काच कधी फुटलेली दिसते आणि कधी शाबूत, तेही बघून ठेवा. काच फुटलेली असेल तर तो प्रसंग काळाच्या हिशेबाने नंतरचा.

मध्यंतर घ्यायचंच असेल तर कृष्णधवल तुकड्यात घ्या. रंगीत प्रसंग अर्ध्यावर सोडून चहा करायला गेलात तर परत आल्यावर ती जुळणारी कड हातातून निसटते. माझ्या घरी दोनदा झालंय.

लघुकथा आधी वाचायचा हट्ट

श्रेयनामावलीत सिनेमा जोनाथन नोलन यांच्या लघुकथेवर आधारित असल्याचं म्हटलं आहे. आपल्याकडे वाचणाऱ्या माणसाला लगेच वाटतं, आधी मूळ कथा मिळवू. सवय चांगली आहे, पण इथे ती वाट चुकवते.

या कथेचा आणि सिनेमाचा जन्म जवळजवळ एकत्रच झाला. 1996 मध्ये जोनाथन आणि सिनेमाचे दिग्दर्शक क्रिस्टोफर हे दोघे भाऊ शिकागोहून लॉस एंजेलिसला गाडीने निघाले होते. त्या लांबच्या प्रवासात धाकट्या जोनाथनने आपल्या डोक्यातली कथा थोरल्या क्रिस्टोफरला सांगितली. थोरल्याने तिथूनच पटकथेचा विचार सुरू केला, धाकटा आपली कथा स्वतंत्रपणे लिहीत राहिला. सिनेमा सप्टेंबर 2000 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. ‘मेमेंटो मोरी’ ही कथा ‘एस्क्वायर’ मासिकात छापून आली ती मार्च 2001 मध्ये, म्हणजे सिनेमानंतर. ऑस्करला ‘मेमेंटो’ला नामांकन मिळालं तेही आधारित पटकथेच्या गटात नाही, मूळ पटकथेच्या गटात.

कथेतल्या माणसाचं नाव अर्ल. तो आपल्याला भेटतो तो रुग्णालयातल्या खोलीत, भिंतीवरच्या चिठ्ठ्यांच्या सोबतीने. त्यात सिनेमाभर लेनर्डच्या आसपास वावरणारा टेडी नाही, नॅटली नाही, सॅमी जँकिस नाही. तेव्हा “कथेत हे होतं, सिनेमात गाळलं” अशी यादी करायला बसलात तर कागद कोराच राहील. पाहण्यासारखं वेगळंच आहे. स्मृती तुटलेल्या माणसाचा अनुभव कथेने कागदाच्या साधनांनी दिला: थोडं निवेदन, मग अर्लने स्वतःलाच लिहिलेली चिठ्ठी, पुन्हा निवेदन. लिहिणारा आणि वाचणारा एकच माणूस, पण दोघांची कधी भेट नाही. सिनेमाकडे कागद नाही, कात्री आहे. म्हणून त्याने तेच काम प्रसंगांच्या क्रमातून करून घेतलं. संकलक डोडी डॉर्न यांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं, ते योग्यच होतं. माध्यमांतर म्हणजे पात्रं आणि घटना इकडून तिकडे वाहून नेणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही जोडी जरूर अभ्यासावी. सिनेमा आधी, कथा नंतर.

निओ-न्वार म्हणजे अंधार आणि पाऊस

या गैरसमजाने कुणाचं फार बिघडत नाही, पण अपेक्षाभंग होतो. चाळिशीच्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी ‘फिल्म न्वार’ म्हटलं. त्याच वळणाचे नंतरच्या काळातले सिनेमे म्हणजे निओ-न्वार, आणि ‘मेमेंटो’ त्यातलाच. ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, फसवणारी देखणी बाई, विकला गेलेला पोलीस, आणि स्वतःच्या निर्णयाने खड्ड्यात जाणारा नायक. ‘मेमेंटो’त शेवटच्या तीन गोष्टी आहेत, पहिल्या दोन जवळपास नाहीत. लॉस एंजेलिसच्या आसपासचं रखरखीत ऊन आहे, मोटेलच्या फिक्या भिंती आहेत. इथे लपायला अंधार लागतच नाही, विसरणं पुरतं. नायकाची विम्याच्या कंपनीतली नोकरीही सहज आलेली नाही. विमा आणि त्यातली लबाडी हा न्वारचा जुना, आवडता मुलूख आहे.

आणि “हा आपल्यासाठी नाही, बुद्धिवंतांसाठी आहे” या भीतीबद्दल एवढंच सांगतो. अमेरिकेतल्या वितरकांनाही नेमकी हीच भीती वाटली होती. पाहिला, आवडला, पण लोकांना कळणार नाही म्हणून कुणी घेईना. शेवटी निर्मितीत असलेल्या कंपनीनेच तो स्वतः प्रदर्शित केला. साध्या तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी तो उचलून धरला आणि एकट्या अमेरिकेत त्याने अडीच कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली.

इथून पुढचं फक्त सिनेमा पाहिलेल्यांसाठी

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा, अगदी मनापासून सांगतो.

सिनेमा संपल्यावरची पहिली चूक म्हणजे टेडीच्या कबुलीला निकालपत्र मानणं. टेडी म्हणतो, सॅमीला बायकोच नव्हती. हल्ल्यातून तुझी बायको वाचली होती, मधुमेह तिला होता. खरा जॉन जी. तू कधीच मारलास. बरेच जण इथे सुटकेचा श्वास टाकतात, “सापडलं उत्तर!” पण सांगणारा कोण आहे? ज्याच्या फोटोवर लिहिलंय की याच्या थापांवर विश्वास ठेवू नकोस, तो. ती ओळ लिहिली कुणी आणि कधी, हेही आपण नुकतंच पाहिलेलं असतं. टेडीला लेनर्डकडून आपली कामं करून घ्यायची आहेत. मोटेलच्या खोलीतल्या फोनवर पलीकडे कोण होतं, हेही आता लक्षात आलेलं असतं.

दुसरी चूक उलट बाजूची: टेडी खोटारडा म्हणून त्याचं सगळंच फेकून देणं. सॅमी रुग्णालयातल्या खुर्चीत बसलाय, समोरून कुणीतरी जातं, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्या खुर्चीत लेनर्ड दिसतो. बायकोच्या मांडीला चिमटा काढणारा हात एका झलकेत इंजेक्शन धरलेला असतो. ही चित्रं टेडीने दाखवलेली नाहीत, ती लेनर्डच्याच डोक्यातून आली आहेत. खरी आठवण फुटून वर येतेय की टेडीच्या बोलण्याने आठवण बिघडतेय, याचा निवाडा सिनेमा देत नाही. माझं मत विचाराल तर टेडी त्या वेळी बराचसा खरं बोलतोय. पण ते मत आहे, आणि दर खेपेला ते थोडं हलतं.

तिसरी चूक मात्र मला खरोखर अस्वस्थ करते, कारण ती केली की सिनेमा हातातून जातो. लोक सॅमीच्या बायकोवर, इन्सुलिनवर तासन् तास वाद घालतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. लेनर्ड गाडीत बसतो. त्या क्षणी त्याला सगळं माहीत आहे, अजून काही मिनिटं माहीत राहणार आहे. नको असलेले फोटो त्याने जाळून टाकले आहेत. आणि तो टेडीच्या गाडीचा नंबर लिहून घेतो, पुढचं गोंदण म्हणून. त्याला ठाऊक आहे की आपल्याला हवा असलेला जॉन जी. हा नव्हे. त्याला हेही ठाऊक आहे की उद्याचा लेनर्ड त्या नंबरावर डोळे मिटून विश्वास ठेवेल. स्मृती नसल्यामुळे नाही, स्मृती असतानाच्या त्या काही क्षणांत तो एका माणसाचा मृत्यू ठरवतो, आणि स्वतःलाच हत्यार बनवतो.

सबंध सिनेमाभर आपण त्याला बिचारा समजत आलो. नॅटली त्याला वापरते, टेडी वापरतो, मोटेलचा कारकून एका माणसाला दोन खोल्यांचं भाडं लावतो. आणि सर्वांत निर्दयपणे त्याला वापरणारा माणूस तो स्वतः निघतो. कोडं सोडवल्यासारखा हा सिनेमा पाहिला तर हे दुःख पोचतच नाही. मग कालक्रमाचा तक्ता हातात उरतो आणि माणूस निसटतो.

भाच्याबरोबर दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा पाहिला, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लावून. संपल्यावर तो उठायला लागला तेव्हा त्याला बसवलं आणि पुन्हा सुरुवातीची तीन मिनिटं लावली. हातातला फोटो, हलवल्यावर पुसट होत जाणारा. फोटोतला माणूस कोण, त्याच्या गाडीचा नंबर कुणी लिहून ठेवला होता, सगळं आता माहीत असतं. भाचा काही बोलला नाही. फोटो पुरता पांढरा होऊन कॅमेऱ्यात परत गेला, तरी तो पडद्याकडेच बघत होता.